ग्राहेकचं मत ग्राहेकला नाही

दुपार झाली तरी अंगणात एकही गाडी आली नाही, तेव्हा तेता अँजेलाने पोर्केटाच्या भांड्याखालची आच बंद केली.

निवडणुकीनंतरच्या शुक्रवारी रूडी ग्राहेकच्या घरी पोर्केटा खायला जायचं, ही आयर्न लेक काउंटीतली जुनी रीत होती. लसूण आणि बडीशेप चोळून मंद आचेवर शिजवलेलं डुकराचं मांस, पाव, आणि नंतर तेताच्या हातचा पोटीत्सा, म्हणजे अक्रोड भरून गुंडाळलेला गोड पाव. रूडी काउंटी बोर्डावर सहा वेळा निवडून आला, त्या काळात खाणकामगार संघटनेची माणसं यायची, दोन्ही चर्चचे पाद्री यायचे, शेरीफ यायचा. पडलेला उमेदवारसुद्धा यायचा, कारण न येणं म्हणजे पडल्याचं मनाला लावून घेतलं असं दिसे. गाड्यांची रांग थेट टपालपेट्यांपर्यंत जाई. रूडीनंतर त्याची मुलगी डार्लीन दोनदा निवडून आली आणि रीत तशीच चालू राहिली.

यंदा डार्लीन पडली. सकाळी रेडिओने काउंटीचा अंतिम निकाल सांगितला आणि मग लगेच हवामान सांगितलं. तीन मतं कमी, आणि संध्याकाळी बर्फ.

"पडलेला माणूससुद्धा यायचा म्हणे," टेस म्हणाली. "मग यंदा जिंकलेला का नाही आला?"

"त्याला बोलावलंय कुणी?" अता म्हणाले. अता म्हणजे बाप. पण या घरात नातवंडंही रूडीला अताच म्हणत. "हेगमनला स्नोमोबाइल विकता येते. चारचौघांत जेवता येतं की नाही, ते आधी बघायला हवं."

टेस ही डार्लीनची मुलगी. ती सेंट पॉलला, राज्याच्या राजधानीत, पक्षाच्या कचेरीत मतदारांचे कल अभ्यासायची. पहाटे निघून ती गाडीने आली होती, आणि आल्यापासून तिला वाटत होतं की आपण एखाद्या आजाऱ्याच्या घरी फार चांगले कपडे घालून आलो आहोत. हे तिला एकटीलाच वाटत असेल. पण अतांनी तिच्या कोटाकडे दोनदा पाहिलं होतं.

"एक तरी बरं झालं," ती म्हणाली. "राज्य आपण राखलं. गव्हर्नर आपला."

"आपला म्हणजे कुणाचा?"

"पक्षाचा, अता. तुमच्याच."

"तुमच्या शहरानं राखलं राज्य. कॉफीच्या दुकानांनी राखलं. इथं बघ." अतांनी वर्तमानपत्रातल्या नकाशावर बोट आपटलं. त्यात आयर्न लेक काउंटी लाल, म्हणजे रिपब्लिकनांची, दाखवली होती. अता खाणीत लागले तेव्हापासून ती कधी लाल झाली नव्हती. "माझ्या वेळी या गावात रिपब्लिकन दोन होते. बँकवाला आणि त्याची बायको. आणि बायकोचंही नक्की नव्हतं."

"हा कल वीस वर्षांचा आहे. सगळा खाणपट्टा हळूहळू सरकतोय."

"खाणपट्टा दगडाचा आहे, बाई. तो नाही सरकत. माणसं सरकतात. आणि तू पगार घेऊन ती सरकताना बघत बसतेस."

तेता अँजेला हसली. तेता म्हणजे आत्या; ती अतांची धाकटी बहीण, लग्न न केलेली, जन्मभर भावाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहिलेली. जुन्या कॅथलिक नियमाप्रमाणे शुक्रवारी ती मांस खात नसे. पोपने परवानगी दिली होती, पण पोपला तिने मत दिलेलं नव्हतं, असं ती म्हणे. ती माशाचे तुकडे तळून घेऊन बसली होती आणि इतरांच्या ताटांकडे तुच्छतेने पाहत होती.

डार्लीन नळाखाली भांडी घासत होती. अजून जेवण व्हायचं होतं, म्हणजे भांडी स्वच्छच होती. कुणी तिला तसं सांगितलं नाही.

*

रे आला तो मागच्या दाराने. त्याने बूट काढले, टोपीही काढली. टोपी लाल होती. बापाच्या घरात ती डोक्यावर ठेवायची नाही, एवढं भान त्याला होतं. मग ती कुठे ठेवावी ते न सुचून त्याने ती बुटात कोंबली.

"ये," अता म्हणाले. "विजयी लोक मागच्या दारानं यायला लागले."

"मी उभा नव्हतो, अता."

"तुझी माणसं उभी होती."

"खाणीत लोडर दुरुस्त करणाऱ्यांची माणसं नसतात. असते ती खाण. तीही मे महिन्यापासून अर्धी बंद आहे." रेने पाव घेतला, त्यात मांस भरलं. "शेरी कामावर आहे. पोरं शिकारीला गेलीत. त्यांच्या वाटचं घेऊन जातो. नाहीतरी इथं संपायचं नाही हे."

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, शेवटचं वाक्य नको होतं. त्याने बहिणीच्या पाठीकडे पाहिलं. डार्लीन त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. शाळेच्या स्वयंपाकघरात वीस-बावीस वर्षं तिने मोठमोठी पातेली उचलली होती. त्यामुळे तिची पाठ पुरुषासारखी रुंद होती. ती पाठ आज काही सांगत नव्हती.

"मामा," टेस म्हणाली, "आपल्या घरातली या मतदारसंघातली मतं किती?"

"टेस," डार्लीन म्हणाली.

"नुसतं विचारतेय. अता, तेता, आई, तू, शेरी मामी, दोन्ही पोरं. सात ना? आणि सातांपैकी एकानेही आईच्या नावापुढे खूण केली नाही."

"ग्राहेकचं मत ग्राहेकला नाही," अता म्हणाले. "हे काउंटीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

रेला ही गोष्ट पाठ होती. अता पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा समोर एक मोठा फिनिश कुटुंबकबिला होता. चुलत, मावस, सोयरे मिळून अर्धं टाउनशिप. ते म्हणाले, आमच्या घरच्याच मतांवर आम्ही येतो. तर अता संघटनेच्या सभेत उठून म्हणाले, माझ्या घरातलं एकही मत मला पडणार नाही. माझंही नाही. तुम्ही परके मला द्याल तर मी तुमचा. टाळ्या पडल्या, टोप्या उडाल्या, अता हजारांनी निवडून आले. तेव्हापासून ग्राहेकांच्या घरात ती एक ओळ कोरी सोडायची. गव्हर्नर, सिनेटर, शेरीफ, सगळ्यांपुढे खुणा करायच्या. काउंटी कमिशनर, म्हणजे बोर्डाचा सभासद, आणि तिथं काही नाही. लग्न होऊन आलेल्या सुनांनाही हे आधी सांगितलं जाई.

"हजारांनी जिंकणाऱ्याला हे परवडतं," टेस म्हणाली. "तीन मतांनी पडणाऱ्याला याला वेडेपणा म्हणतात. सेंट पॉलला मी हे सांगितलं तर लोकांना वाटेल मी विनोद करतेय."

"मग नको सांगू. त्यांना विनोद कळत नाहीत."

"आई, फेरमोजणी मागता येते. एवढा कमी फरक असला की मागता येते. फक्त आज, कचेरी बंद व्हायच्या आत. तीन मतं काय, मशीनला एखादी पुसट खूण दिसली नसेल, तेवढ्यात होतं."

डार्लीनने नळ बंद केला आणि पदराला पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसले. "मला मागायची आहे," ती म्हणाली.

रेला वाटलं, बहिणीने आयुष्यात या घरात 'मला अमुक हवं आहे' असं सरळ म्हटल्याचं आपल्याला आठवत नाही. मग वाटलं, म्हटलंही असेल, आपण ऐकलं नसेल.

*

अतांना आतून काय वाटत होतं हे सांगणं अवघड आहे. ते स्वतःलाही सांगत नसत. एवढं खरं, की मुलगी पडली याचं त्यांना दुःख होतं, आणि त्या दुःखाहून ती मागायला निघाली याची चीड जास्त होती. दुःखाचं काय करायचं ते त्यांना समजत नसे. चिडीचं समजे.

"कुणाकडे मागणार?" ते म्हणाले.

"काउंटीच्या कचेरीत. अर्ज करायचा असतो."

"म्हणजे खिडकीपाशी उभं राहून म्हणणार, माझी मतं पुन्हा मोजा हो. आणि ती कालची पोरगी चष्म्यावरून बघणार. संध्याकाळपर्यंत गावभर. ग्राहेकची लेक भीक मागून गेली."

"कायद्यात आहे ते, अता."

"कायद्यात भीकही आहे. रस्त्याच्या कडेला बसून मागता येते. मी सहा वेळा उभा राहिलो; एकदा तरी म्हणालो का पुन्हा मोजा?"

"तुम्हाला कधी गरज पडली नाही."

"तुला का पडली ते विचार. तांब्याच्या खाणीचा ठराव आला तेव्हा तू काय केलंस? काही नाही. हो नाही, ना नाही. तटस्थ. म्हणून खाणवाले गेले आणि तळी वाचवणारेही गेले. लोक वाईट माणसाला मत देतात, मूर्खाला देतात. हेगमनलासुद्धा देतात. पण भिंतीला नाही देत."

"ते बरोबर आहे," रे म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. या घरात रेने अतांच्या बाजूने बोलल्याला बरीच वर्षं झाली होती.

"आणि आता बोललोच आहे तर सांगून टाकतो," तो म्हणाला. घास त्याच्या हातात तसाच होता. "मी ओळ कोरी ठेवली नाही. हेगमनला दिलं."

टेसने डोळे मिटले. तिने कामाच्या सवयीनेच हिशेब केला असणार: इकडचं न मिळालेलं एक आणि तिकडं पडलेलं एक.

"तू ठरावाला विरोध केला असतास तरी मी कोरी ठेवली असती," रे डार्लीनला म्हणाला. "शपथेवर सांगतो. मी भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या, पण कोरी ठेवली असती. तू पाण्याचा ग्लास पुढे ओढून बसलीस. मी मागच्या बाकावर होतो, डार. माझ्याबरोबर खाणीतले सतरा जण होते. तू ग्लासकडे बघत होतीस."

डार्लीन म्हणाली, "मला माहीत होतं तू तिथं आहेस."

"मग?"

"म्हणूनच ग्लासकडे बघत होते."

"वा," अता म्हणाले. "एक भिंत आणि एक भगदाड. माझ्या पोटी काय जन्माला आलं बघ. शाबास, रेमंड. सख्ख्या बहिणीच्या विरुद्ध मत देणारा ग्राहेक या काउंटीनं अजून पाहिला नव्हता."

"सख्ख्या बहिणीच्या बाजूनंही पाहिला नव्हता," रे म्हणाला. "तेच तर चाललंय."

"मी दिलं," तेता म्हणाली.

तिने हे इतकं हळू म्हटलं की अतांना वाटलं ती माशाबद्दल बोलतेय. "काय दिलंस?"

"डार्लीनला मत. यंदाही दिलं, मागच्या दोन्ही वेळीही दिलं." तिने काटा खाली ठेवला. "तुलाही द्यायची. सहाही वेळा."

अतांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे हे घर आहे की धर्मशाळा? एक तिकडं देतो, एक चोरून इकडं देते. माझा शब्द होता तो. अख्ख्या संघटनेसमोर दिलेला शब्द. तुला लाज नाही वाटली, अँजेला?"

"माझा शब्द नव्हता. मला कुणी विचारलं नव्हतं."

"घरभेदी."

तेताने भावाकडे बराच वेळ पाहिलं. ती चिडली होती का? तिच्याकडे पाहून कळत नसे. टेसला आपलं वाटलं की ती काहीतरी उचलून पाहते आहे, वजन किती ते.

"रूडी," ती म्हणाली, "पहिल्या निवडणुकीत टाउन हॉलमध्ये मतं मोजायला मी होते. आठवतं?"

"तू आणि ती जाड फिनिश बाई."

"लेम्पी. ती नावं वाचायची, मी रेघा ओढायची. तेव्हा मशीन नव्हती. मतदानाच्या आडोशात टोकदार पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली असायची, सगळ्यांच्या खुणा बारीक, करड्या. एक पत्रिका आली, तिच्यावर जाड लाल फुली. बोटभर. खाणीत भोक पाडायच्या जागी खूण करतात ना, त्या पेन्सिलीची. त्या दिवशी पाळीवरून थेट मत द्यायला आलेला आमच्या हॉलमध्ये एकच माणूस होता. टोपी न काढता आला होता. दोरीची पेन्सिल बोथट झाली असेल. त्यानं खिशातली काढली."

तेताने बोटाने टेबलावर फुली काढली.

"गव्हर्नरपुढे लाल फुली. शेरीफपुढे लाल फुली. आणि कमिशनरपुढे, रूडी, सगळ्यांत मोठी. कागद फाटायचा राहिला होता. लेम्पी म्हणाली, ही धरायची का, पेन्सिल वेगळी आहे. मी म्हटलं, धर."

"चूक झाली असेल तुझी," टेस पटकन म्हणाली. का कोण जाणे, तिला अतांना वाचवावंसं वाटलं.

अता म्हणाले, "चूक नाही."

त्यांनी ते मान्य केलं याचंच तेताला आश्चर्य वाटलं.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?" रेने विचारलं.

"हा जिंकत होता ना. जिंकणाऱ्याचं खोटं कोण मोजतं?"

*

डार्लीनला मतदानाच्या आडोशातला तो क्षण आठवला. तीन दिवसांपूर्वीचाच, मंगळवारचा. चर्चच्या तळघरातलं पुठ्ठ्याचं आडोसाघर, हातात काळं पेन, आणि कागदावर स्वतःचं नाव छापलेलं. नावाशेजारी लहान गोल. तो भरायला पाव सेकंद लागला नसता. तिने पेन तिथून उचललं आणि खाली शाळा बोर्डाच्या उमेदवारांवर नेलं. तेव्हा तिला अगदी स्वच्छ वाटलं होतं. बापासारखं वाटलं होतं. बाहेर येऊन तिने 'मी मत दिलं'चं स्टिकरही कोटावर लावलं होतं.

ती येऊन बापासमोर बसली. तिने कधी तसं केलं नव्हतं. त्या खुर्चीवर आई बसायची.

"दर वेळी?" तिने विचारलं.

"काय दर वेळी?"

"सहाही वेळा स्वतःला दिलंत?"

अतांनी खिडकीबाहेर पाहिलं. रिकामं अंगण. "हो."

"आणि यंदा? माझ्या वेळी?"

"नियम म्हणजे नियम. कोरी ठेवली."

"तिन्ही वेळा?"

"तुझ्या तिन्ही वेळा."

"का, अता?"

आता ते चिडले असते तर सगळ्यांनाच बरं वाटलं असतं. रेने तर मान खाली घातली होती, शिव्यांची वाट पाहत. पण अता खरंच विचार करत होते. म्हातारा माणूस एखादं जुनं हत्यार कशासाठी होतं ते आठवताना करतो, तसा.

"माझी गोष्ट वेगळी होती," ते म्हणाले.

"वेगळी कशी?"

"मला जिंकायचं होतं."

त्या वाक्याला पुढे काही जोडून येतं का ते डार्लीनने पाहिलं. आलं नाही.

"आणि मला?" तिने विचारलं.

अतांना उत्तर ठाऊक नव्हतं असं नाही. तो प्रश्नच त्यांना आजवर पडला नव्हता, आणि नव्वदीकडे झुकलेल्या माणसाला हे चारचौघांत कळणं फार वाईट. शेवटी ते त्यांच्या हाताशी नेहमी असायचं तेच बोलले: "जा मग. माग भीक."

"जाते," डार्लीन म्हणाली आणि उठून कोट घेतला.

टेस उठली. "मी सोडते तुला. नियम सगळे पाठ आहेत मला. अर्जात काय लिहायचं ते मी सांगते."

"तू थांब इथं," आई म्हणाली. "अतांना नकाशा समजावून सांग."

टेस उभी राहिली ती तशीच राहिली. तिला पहिल्यांदाच कळलं की आई टोमणा मारू शकते, आणि तो बसतो.

"बर्फ सुरू झालाय," रे म्हणाला. "तुझ्या गाडीचे टायर गुळगुळीत आहेत. ट्रकनं चल." त्याने बुटातून टोपी काढली, तिच्याकडे पाहिलं, आणि मग तिला काय वाटेल याची फिकीर न करता डोक्यावर चढवली.

ती दोघं मागच्या दाराने गेली. तेताने ताटातला उरलेला मासा संपवला. अता खिडकीशी बसून होते. ट्रक मागे येऊन वळला, अंगणातून निघाला, तेव्हा त्यांनी हात उचलल्यासारखं केलं. टेसला नक्की सांगता येणार नाही. काच पुसायलाही उचलला असेल.

ट्रकच्या उजवीकडून एका जुन्या, बंद पडलेल्या खाणीचा लाल ढिगारा गेला. त्यावर बर्चची झाडं उगवली होती. रेने हीटर वाढवला, मग कमी केला.

"कचेरीत मी बाहेरच थांबतो," तो म्हणाला. "हेगमनला दिलेला माणूस तुझ्याबरोबर आत आलेला बरा दिसत नाही."

"ये की आत. तिथं खुर्च्या आहेत."

"आणि आधीच सांगून ठेवतो, डार. पुन्हा मोजली तरी माझं मत तिथंच असणार. त्यातून काही सुटायचं नाही तुला."

"असू दे," ती म्हणाली. तिने काचेवरचं बर्फ पुसणाऱ्या पात्यांकडे पाहिलं. "एवढ्या मतांत ते एकच आहे, जे कुणी दिलं आणि का दिलं, ते मला तोंडावर सांगितलं गेलं."